भाजलेल्या खुरासणीच्या सात गोण्या

ती केस आठवली की मला आधी वास येतो आणि मग माणसं आठवतात. लोखंडी कढईत खुरासणी भाजायला घेतली की खरपूस, जरासा कडवट वास सुटतो ना, तोच. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, वर्दी ट्रंकेत गेली, पण शेजारी कुणी चटणीसाठी खुरासणी भाजायला घेतली की मी हातातलं काम सोडून उभी राहते.

मी खात्यात शिपाई म्हणून लागले आणि फौजदार म्हणून बाहेर पडले. शाळा दहावीपर्यंत. कायदा शिकले तो ठाण्यातच, दुसऱ्यांचे पंचनामे उतरवून उतरवून. त्यामुळे माझं लिहिणं बोलल्यासारखं आहे, ते चालवून घ्या. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही. त्यातली बहुतेक माणसं अजून इकडेच राहतात.

तेव्हा माझी नेमणूक खालापूर ठाण्याला होती. दिवाळी होऊन महिनाभर झाला असेल. सकाळची हजेरी आटोपून मी आत आले, तर ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर एक व्यापारी गृहस्थ बसलेले. थंडीचे दिवस, तरी कपाळ पुसत होते. कुंभिवलीला हायवेलगत त्यांचं गोडाऊन. कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यातली खुरासणी गोळा करायची आणि परदेशी पाठवायची, हा त्यांचा धंदा.

खुरासणी म्हणजे काही ठिकाणी जिला कारळे म्हणतात ती. बारीक, काळी, चकचकीत बी. डोंगरउतारावर पेरतात, पाऊस सरता सरता सगळा उतार पिवळा होतो. आपल्याकडे घाण्यावर तिचं तेल काढतात, घरात चटणी करतात.

"परदेशात कुणाला लागते हो ही?" मी विचारलं.

"पाखरांना."

"काय?"

"तिकडे लोक अंगणात पाखरांसाठी टांगून ठेवतात, मॅडम. माल तिथे उतरला की आधी यंत्रात तापवून घेतात, उगवू नये म्हणून. इथून कच्चाच जातो."

तक्रार अशी होती. त्यांचा माल बंदरावर गेला. कागदावर लिहिलेलं, 'तेलबिया, कच्च्या'. कस्टमच्या लोकांनी तपासलं तर सात गोण्यांत भाजलेली खुरासणी निघाली. बाकीच्या गोण्या ठीक. पण सात गोण्यांमुळे सगळा माल अडला, कारण कागदावर एक आणि गोणीत दुसरं म्हणजे खोटी माहिती दिली असं धरतात. व्यापाऱ्याचा परवाना जायची वेळ आली होती.

"मी कच्चा घेतला, कच्चाच पुढे पाठवला," ते म्हणाले. "मधल्या मधे कुणीतरी बदललाय. आणि मधे एकच माणूस आहे. माझा टेंपोवाला. डोंगरातल्या पाड्यांवरून शिवलेल्या गोण्या तोच आणतो, बंदरावरही तोच नेतो."

आमचे साहेब हसत म्हणाले, "बाई, हे तुम्हीच बघा. चटणीतलं तुम्हाला कळतं."

मी गुन्हा नोंदवून घेतला. तेव्हा जुनाच कायदा होता. माल पोचवायला दिलेल्या माणसाने विश्वासघात केला, असं कलम लागलं. फिर्याद लिहिता लिहिता माझं पेन मधेच थांबलं. ठाण्यात चोरीच्या शेकडो फिर्यादी लिहिल्या होत्या मी. चोर चांगला माल काढतो आणि हलका भरतो. तांदळात खडे येतात, दुधात पाणी येतं. पण कच्ची काढून तिथे भाजलेली कोण भरेल? भाजलेली म्हणजे वर सरपण घातलेली, मेहनत घातलेली. असला कसला चोर हा?

साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "आधी माणूस आणा, मग कारण मिळेल." ते चुकीचं बोलत नव्हते. बऱ्याचदा तसंच होतं.

दुपारी ठाण्यात फोन आला. दहिवलीतून कुणीतरी. नाव सांगितलं नाही. "तुम्ही त्या टेंपोवाल्याची चौकशी करताय ना? त्याच्या घरी जाऊन बघा. पडवीत गोण्या हायत, आणि रोज ते काळं बी भाजतात. धुरानं आमचे डोळे गेले."

अशी टीप मिळाली की पोलिसाचं अंग हलकं होतं. मला वाटलं, झालं, सुटली केस. दहिवली कर्जत ठाण्याच्या हद्दीत येते, म्हणून आधी त्यांना कळवलं, त्यांच्या डायरीत नोंद घातली, त्याच आळीतले दोन पंच घेतले आणि गेलो.

टीप शब्दाशब्दाला खरी निघाली. पडवीत तीन गोण्या. चुलीवर ही एवढी मोठी कढई, आणि तिच्यात टेंपोवाल्याची बायको उलथन्याने खुरासणी परतत होती. बाजूला कुटलेली चटणी, लसूण, सुक्या मिरच्या, लहान लहान पाकिटं. ती पाकिटं कर्जतच्या दोन-तीन दुकानांत जायची.

मी सील करायला लाख तापवायला सांगितली तशी ती उठून उभी राहिली.

"ताई, चटणी हाय ती. चटणी करणं गुन्हा हाय का?"

"गुन्हा नाही गं. पण बी आणली कुठून?"

"यांनी आणली."

"कुठून?"

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. दारात सगळी आळी जमलेली. पंचांपैकी एकजण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "तरी मी म्हणत होतो, टेंपोवर एवढं भागतं कसं." ते तिने ऐकलं, मीही ऐकलं. मी लिहीत राहिले. कढई, उलथनं, तीन गोण्या, भाजलेलं बी अंदाजे एक घमेलं. कढई जप्त करताना ती म्हणाली, "ती तरी ठेवा." मी ठेवली नाही. पुरावा होता.

टेंपोवाला संध्याकाळी कुंभिवलीहून आपल्या पायांनी ठाण्यात आला. पस्तिशीचा, सडपातळ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. टेंपो बाहेर आवारात उभा केला आणि चावी स्वतःच टेबलावर ठेवली.

"घरातल्या गोण्या कुठून आणल्या?"

"कर्जतच्या बाजारातून, मॅडम."

"कोणत्या दुकानातून?"

त्याने एक दुकान सांगितलं. हवालदारांनी तिथे जाऊन विचारलं. दुकानदार म्हणाला, मी चटणी ठेवतो, गोणीनं बी कधीच ठेवली नाही. खोटं पकडलं गेलं. पोलिसाला एक खोटं मिळालं की त्याला पुढचं सगळं खोटंच दिसायला लागतं. हा आमच्या धंद्याचा रोग आहे आणि मलाही तो होता. दुसऱ्या दिवशी त्याला अटक दाखवली, न्यायालयात नेलं, दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. टेंपोही जप्त.

कोठडीत मी त्याला समोर बसवलं. चहा दिला. मारहाण मी नोकरीत कधी केली नाही. तिची गरजही पडत नाही. माणसाला चहा देऊन आपण गप्प बसलो की तो बोलतो.

चहा संपवून कप खाली ठेवत तो म्हणाला, "मॅडम, खोटं बोललो मी. त्या तीन गोण्या मी पाड्यांवरूनच घेतल्या. माझ्या पैशानं. पण शेटनी सांगितलंय, माझ्या टेंपोच्या फेरीत स्वतःचा माल घालायचा नाय. कळलं तर काम जाईल म्हणून बाजार बोललो."

"आणि शेटच्या गोण्यांत भाजलेली का भरलीस?"

"मी कशाला भरीन? सात गोण्या भाजायच्या म्हणजे काय असतं, म्हायती हाय का? एक घमेलं भाजून बायकोचे खांदे भरून येतात. सात गोण्या भाजून मी शेटला फुकट दीन?"

हवालदार पलीकडून म्हणाले, "अरे, वकील हो तू."

"वकील असतो तर हितं बसलो असतो का, हवालदार?"

मला हसू आलं आणि मग भीती वाटली. कारण माझ्याच मनातला प्रश्न तो मला परत विचारत होता. साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मग आत दुसरं काही लपवलं असेल. खसखशीसारखं, काही देशांत बंदी असलेलं. भाजल्याच्या वासाखाली खपून जावं म्हणून. बंदरावर जाऊन बघा. आणि परवा दुपारी कोठडी वाढवून मागायची आहे, कोर्टाला कारण तुम्हीच सांगायचं."

आता माझी पंचाईत बघा. परवा दुपारपर्यंत मला एक कारण पाहिजे होतं. नाही मिळालं तरी त्या माणसावर चोर म्हणून कागद जाणार होता, आणि टेंपो आवारात गंजत पडणार होता. आणि मला तर अजून चोरी कशाची झाली हेच उमगलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बंदरावर गेले. कस्टमच्या गोदामात एक वयस्कर अधिकारी होते, अंगात स्वेटर, नाकावर चष्मा. त्यांच्या टेबलावर बशा मांडलेल्या, प्रत्येक बशीत ओला टीपकागद आणि त्यावर खुरासणीचे दाणे. काही बशांत बारीक पांढरे मोड आलेले. सात बशांत काहीच नाही.

"या सात मेलेल्या," ते म्हणाले. "आधी मला वासच आला. मग भिजत घातल्या. आत दुसरं काहीही नाही. निव्वळ खुरासणी आहे."

म्हणजे साहेबांची खसखस गेली.

मी म्हटलं, "साहेब, मला एवढं समजावून सांगा. खुरासणी ती खुरासणी. भाजली म्हणून एवढं काय बिघडलं?"

त्यांनी एक जाडजूड पुस्तक उघडलं. तसं पुस्तक मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. जगातल्या प्रत्येक वस्तूला त्यात एक घर दिलेलं.

"हे बघा. सोयाबीन, शेंगदाणा, जवस, सूर्यफूल यांना आपापलं स्वतंत्र घर. आणि कमी चालणाऱ्या तेलबिया, तीळ, एरंडी, करडई, मोहाची बी, तुमची खुरासणी, या सगळ्या एका घरात. इतर तेलबिया."

"पेरायला नेल्या तर?"

"तरी तिथेच. भाजीचं, फुलाचं बी पेरायला नेलं तर त्याला वेगळं घर. तेलबी पेरायला नेली तरी तेलबीच."

"उगवू नये म्हणून तापवली तर?"

"तरी तेलबीच."

"आणि भाजली तर?"

"मग ती खाण्याची वस्तू झाली. वेगळं प्रकरण, वेगळा क्रमांक."

मी बशीकडे बघितलं. "म्हणजे पेरली तरी तेलबी, तापवली तरी तेलबी, भाजली की तेलबी नाही. मग तापवणं कुठे संपतं आणि भाजणं कुठे सुरू होतं?"

ते मनापासून हसले. "बाई, त्या रेघेवर उभं राहूनच माझी नोकरी झाली. एक सांगतो. नुसतं काय केलंय ते बघून घर ठरत नाही. कशासाठी केलंय तेही बघावं लागतं."

खरं सांगते, डोकं गरगरलं माझं. चोरी शोधायला आले आणि हातात आलं काय, तर कशासाठी. पण तो शब्द माझ्याबरोबर राहिला.

मग मी त्या सात गोण्या बघायला मागितल्या. तेलबियांचं मला कळत नव्हतं, पण गोणीचं कळतं. कितीतरी वर्षं मुद्देमालाच्या खोलीत गोण्या मोजल्यात. गोणी उसवून कुणी परत शिवली की जुनी भोकं रिकामी राहतात. नवी शिवण कितीही नीट घातली तरी शेजारी एक रिकामी रांग दिसते. मी गुडघ्यांवर बसून एकेका गोणीचं तोंड बघितलं. कस्टमवाल्यांनी नमुना कुशीतून टोकदार नळी खुपसून काढलेला, तोंडं तशीच होती. साती गोण्यांना भोकांची एकच रांग. म्हणजे एकदा शिवल्यावर त्या कुणीच उघडल्या नव्हत्या. टेंपोत नाही, कुंभिवलीच्या गोडाऊनमध्ये नाही, कुठेच नाही.

आणि आणखी एक. बाकीच्या गोण्या सुतळीने शिवलेल्या. या सात पांढुरक्या, खरबरीत वाखाने. घायपाताच्या पानातून काढतात तो वाख. टाका सगळीकडे एकाच हाताचा, लांब आणि तिरपा.

माल बदललाच नव्हता. घरून निघतानाच तो भाजलेला होता.

संध्याकाळी ठाण्यात पोचले ती सरळ कोठडीच्या गजांपाशी गेले.

"वाखानं गोण्या कोण शिवतं रे?"

तो झोपलेला उठून बसला. "वरच्या पाड्यावरची आजी. सुतळी दिली तरी घेत नाय. म्हणते, वाख तुटत नाय. का, मॅडम?"

"उद्या सकाळी चल माझ्याबरोबर."

कर्जतच्या पुढे डोंगराच्या कुशीत जीप जाते तिथपर्यंत गेलो, पुढे पायवाट. मी, हवालदार, एक शिपाई आणि टेंपोवाला. वाट तोच दाखवत होता. चढताना मला दम लागला तर म्हणतो कसा, "मॅडम, बसा जरा. मी पळून जात नाय."

आजी अंगणात सूप घेऊन बसलेली. किती वर्षांची असेल, तिलाच माहीत नव्हतं. त्या पाड्याची बियाणी तिच्याकडे असायची. नाचणी, वरई, खुरासणी, सगळ्यांचं बी तिच्या घरात मडक्यांत आणि भोपळ्यांत ठेवलेलं. पेरणीच्या वेळी ज्याला हवं त्याने तिच्याकडून न्यायचं. तिची बोली वेगळी, ती माझ्या लेखणीला पुरती जमायची नाही. मला समजली तशी लिहिते.

तिने आमच्याकडे बघितलंच नाही. टेंपोवाल्याकडे बघितलं. "ह्याला का धरून आणलाय?"

"आजी, तुझ्या गोण्यांतली खुरासणी भाजलेली निघाली गं," तो म्हणाला. "माझ्या नावावर आलं सगळं. चोर झालो मी."

"भाजलेलीच हाय. मीच भाजली. मी नि सुनंनी. चार दिस लागले." जणू त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. कस्टमच्या साहेबांचा शब्द आठवला. "आजी, कशासाठी भाजली?"

"हाच बोलला नं. अवंदा बी घाण्यावर जाणार नाय, परमुलखात जाणार. तिकडं पाखरं खाणार." तिने सूप खाली ठेवलं. "घाण्यावर जातं ते बी मरतं, त्याचं तेल होतं. म्हणून कच्चं देतो. पण पाखरू काय सगळं खातं? एक खातं, दोन सांडतं. सांडलं की उगवतं. आमचं बी परक्याच्या रानात उगवलं की हितली बरकत त्याच्या मागं जाते. जित्तं बी पाड्याभायर देत नाय आमी."

"कुणालाच नाही?"

"लेकीला देतो. सासरी जाते तवा. तिच्या ओटीत."

टेंपोवाला कपाळावर हात मारून खालीच बसला. "आजी, एवढं मला बोलायचं नाय का गं?"

"तू इचारलंस? गोण्या भरलेल्या दिसल्या, उचलल्यास नि गेलास. घाई तुला."

हवालदारांना हसू आवरेना. मला हसू येत नव्हतं. चार दिवस त्या बाया चुलीपुढे बसल्या होत्या, कुणाला फसवायला नाही, तर आपलं बी मारून मगच परक्याला द्यायला. आणि त्यापायी हा माणूस कोठडीत होता, त्याच्या बायकोची कढई माझ्या मुद्देमालात होती.

पण पोलिसाचं काम कळून संपत नाही. कळलेलं दाखवावं लागतं. तिच्या घरची कच्ची खुरासणी आणि गोण्यांतली भाजलेली एकच आहे, याचा तपासणीचा अहवाल हवा होता. म्हणजे मला कच्च्या बियांचा नमुना पाहिजे. मी मागितला.

"नाय," आजी म्हणाली.

"आजी, सरकारी काम आहे."

"असंल. जित्तं बी देत नाय."

"मूठभर फक्त."

"बोटभर नाय."

"आजी, दे गं," टेंपोवाला काकुळतीला आला. "नायतर मी आतच राहीन."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे, माझ्या खाकी शर्टाकडे, टोपीकडे. उठून आत गेली. मला वाटलं, संपलं. हवालदार कानाशी म्हणाले, "मॅडम, झडती घ्यायची का?" मी नको म्हटलं. दुपारी कोर्टात उभं राहायचं होतं, हातात काही नव्हतं, तरी नको म्हटलं. का ते मलाही तेव्हा सांगता आलं नसतं.

आजी बाहेर आली ती हातात एक जुनं लुगडं घेऊन. ते तिने माझ्या खांद्यावरून टाकलं, वर्दीवरूनच, आणि पदर माझ्या हातात दिला.

"धर. लेक म्हणून देते. पोलीस म्हणून नाय."

आणि भोपळ्यातून काढून पाच मुठी काळी खुरासणी माझ्या ओटीत घातली. हवालदार तोंड फिरवून उभे राहिले. या वेळी ते हसत नव्हते.

पंचनाम्यात हे कसं लिहायचं, ही माझ्यापुढची पुढची अडचण. शेवटी लिहिलं, 'सदर महिलेने स्वखुशीने हजर केले.' ओटीचा रकाना आमच्या नमुन्यात नाही.

दुपारी न्यायालयात मी कोठडी वाढवून मागितली नाही. पुरावा नाही, सोडावं, असा अहवाल दिला. साहेब रागावले, मग सगळं वाचून म्हणाले, "बाई, हे वरती कोण मानेल?" पण सही केली. टेंपोवाला संध्याकाळी घरी गेला. टेंपोचीही सोडवणूक झाली.

कस्टमच्या त्या वयस्कर साहेबांना मी फोन करून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे खायला भाजली नाही. उगवू नये म्हणून भाजली. मग कारण बघितलं तर ती तेलबीच. आणि वास बघितला तर चटणी." मग हसून म्हणाले, "बाई, तुम्ही मला सुखाने निवृत्त होऊ देत नाही."

त्यांचं पुस्तक शेवटी काय म्हणालं, ते मला माहीत नाही. व्यापाऱ्याने त्या सात गोण्या काढून घेतल्या, कागद दुरुस्त करून दिले, झाला प्रकार लेखी मांडला. बाकीचा माल गेला, परवानाही वाचला.

आता माझ्या पुस्तकाचं ऐका. गुन्हा नोंदवला की तो कधीतरी बंद करावा लागतो, आणि बंद करताना आमच्याकडेही घरं असतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, तर 'अ'. तक्रार मुद्दाम खोटी, तर 'ब'. खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून झालेली, तर 'क'. मी 'क' समरी, म्हणजे गुन्हा बंद करायचा अहवाल, पाठवली. काही महिन्यांनी न्यायालयाने ती मान्य केली. मी टेंपोवाल्याला बोलावून कागदाची प्रत दिली. त्याने ती दोनदा वाचली.

"मॅडम, हा 'क' म्हणजे मी कोण?"

"म्हणजे गैरसमज झाला होता."

"ते शेटचं झालं. तुमचं झालं. माझं काय? आळीत लोक इचारतात, सुटलास कसा? सुटला म्हणतात, मॅडम. नव्हताच, असं कुणी म्हणत नाय. बायकोची चटणी दुकानवाले घेत नायत. चोरीच्या बियांची म्हणतात. ह्यात कुठं लिवलंय का, मी चोर नाय म्हणून?"

मी कागद उलटून पालटून बघितला. कुठेच लिहिलं नव्हतं. तशी ओळच नसते त्यात.

त्या रविवारी मी दहिवलीला गेले. सुट्टी होती, तरी वर्दी घातली. पूर्ण, टोपीसकट. आधी त्या दोन पंचांच्या दारात गेले, म्हटलं, चला जरा, तुमच्यासमोर जप्त केलेली वस्तू परत द्यायची आहे. कढई मी स्वतःच्या हाताने घेऊन चालले होते, आळीच्या मधून. लोक दारात आले. पहिल्या वेळीही आले होते.

टेंपोवाल्याच्या ओट्यावर मी बसले. त्याची बायको दारातच उभी, चेहरा घट्ट. कढई तिच्या पायाशी ठेवली आणि म्हटलं, "भाकरी आहे का गं? भूक लागलीय. चटणी दे बरोबर."

ती हलली नाही. "चोरीची म्हणतात ती, ताई."

"म्हणूनच मागतेय. पंचांनाही वाढ."

मग तिने भाकरी आणली. त्या सात गोण्या कोर्टाने मोकळ्या केल्यावर व्यापाऱ्याने तिच्याकडेच पाठवल्या होत्या, भाजलेल्या बियांचं तो तरी काय करणार. तीच चटणी होती. म्हणजे मुद्देमाल खाल्लेली खात्यातली फौजदार बहुतेक मी एकटीच. पंच आधी एकमेकांकडे बघत राहिले. मी म्हटलं, "खा की. पंचनाम्यावर सही करताना विचार केला नव्हतात, आता कशाला करताय?" त्यांनी घास घेतला. त्यातला एकजण, तोच तो, टेंपोवर भागतं कसं म्हणणारा, चटणी तोंडात घोळवत म्हणाला, "वैनी, मिरची जरा जास्त झाली."

"जास्तच घातलीय," ती म्हणाली. "तुमच्यासाठी."

सगळी आळी हसली. ती नाही हसली, पण माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकली.

लोक मला विचारतात, मावशी, इतक्या वर्षांत काय शिकलात? मी काही मोठं शिकले नाही. एवढंच कळलं की टीप शब्दाशब्दाला खरी असते आणि तरी माणूस निर्दोष असतो. खोटं बोलणारा कशाला तरी घाबरलेला असतो, आणि ते कशाला, हे आपण आधी विचारायला हवं. आणि कागदाच्या रकान्यात न बसणारी एक गोष्ट प्रत्येक केसमध्ये उरतेच. ती आपल्या पायांनी चालत जाऊन पोचवावी लागते.

आजीने दिलेल्या पाच मुठींतली एक तपासणीला गेली. बाकीची माझ्याकडे राहिली. दर वर्षी घरामागे थोडी पेरते, पिवळी फुलं येतात, पुढच्या वर्षीचं बी काढून ठेवते. शेजारच्या सुनेने परवा मूठभर मागितलं. मी आत गेले, भाजून आणून दिलं.